शालेय निबंध आणि तयार निबंध : मालवण किनाऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

‘निबंध’ या शब्दाचा आज शाळेत रूढ असलेला अर्थ पावणेदोनशे वर्षांपेक्षा फारसा जुना नाही. त्यापूर्वी कित्येक शतके हा शब्द धर्मशास्त्राच्या क्षेत्रात वावरत होता, आणि तेथे त्याचा अर्थ जवळजवळ उलट होता. स्मृती, पुराणे व सूत्रे यांतील वचने विषयवार गोळा करून, त्यांची संगती लावून सिद्ध केलेला ग्रंथ म्हणजे निबंध होय. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’, कमलाकरभट्टाचा १६१२ मधील ‘निर्णयसिंधु’, किंवा १७९० मध्ये पंढरपूर येथे काशीनाथ उपाध्यायांनी पूर्ण केलेला ‘धर्मसिंधु’ ही या प्रकारची ठळक उदाहरणे होत. निबंधकार स्वतःचे मत सांगावयास बसलेला नसे. दुसऱ्यांची वचने योग्य स्थळी मांडणे हेच त्याचे पांडित्य. मात्र कोणते वचन कोणाचे हे तो पदोपदी सांगत असे. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

आज मालवण, देवगड किंवा वेंगुर्ले तालुक्यातील आठवी-नववीच्या विद्यार्थ्यास निबंध लिहावयास सांगितला की तो बहुधा घरातील भ्रमणध्वनी हाती घेतो, विषयाचे चार शब्द टाकतो आणि आंतरजालावरील एखाद्या निबंधसंग्रहातून तयार मजकूर वहीत उतरवून घेतो. मराठीच्या निबंधापुरतीच ही गोष्ट मर्यादित नाही. हिंदी व इंग्रजीचे निबंध, इतिहासाची टिपणे, पर्यावरणाची प्रकल्पवही, विज्ञानातील एखाद्या शास्त्रज्ञाचा परिचय, या सर्वांचा पुरवठा एकाच ठिकाणाहून होतो. यावर शिक्षकांच्या खोलीत जी चर्चा चालते तिचा सूर सामान्यतः नव्या पिढीच्या आळसाविषयी खेद करण्याचा असतो. इतिहासाच्या अभ्यासकाला हा खेद पुरेसा वाटू नये. उतरवून घेणे ही मराठी शिक्षणात नवी गोष्ट नव्हे. ती दोष केव्हापासून मानली जाऊ लागली, आणि दोष मानली जाऊनही कशामुळे फोफावली, हा खरा प्रश्न आहे.

पंतोजींच्या गावठी शाळेत लेखन शिकणे म्हणजे कित्ता गिरवणे होते. प्रथम धुळपाटीवर अक्षर, मग कागदावर मोडी वळण, आणि अखेरीस पत्रांचे मायने. वडील माणसास काय लिहावे, बरोबरीच्यास काय, सरकारी अधिकाऱ्यास काय, याचे ठराविक नमुने असत व ते मुखोद्गत करावे लागत. या लेखनपद्धतीचे नियम सांगणारी जी ‘मेस्तके’ मिळतात त्यांचा संबंध परंपरेने हेमाडपंतांशीच जोडला जातो. रामदासांच्या ‘दासबोधा’तील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिलेला आहे, आणि त्यात भर आहे तो सुवाच्य, निर्दोष व टिकाऊ प्रत तयार करण्यावर. ग्रंथाची नक्कल करणे हे त्या जगात पुण्यकर्म होते. दहा वर्षांच्या मुलाने स्वतःचे विचार स्वतःच्या शब्दांत मांडावेत, ही अपेक्षा त्या शाळेत कोणाच्या स्वप्नातही नव्हती. तिचा हेतू कारकून व कुळकर्णी तयार करण्याचा होता आणि तो ती चांगल्या रीतीने पुरा करीत असे.

स्वतंत्र निबंधाची कल्पना मराठीत आली ती मुंबईमार्गे. या मार्गाच्या आरंभीच आपल्या किनाऱ्याचा एक पुरुष उभा आहे, याची नोंद करणे अवश्य आहे. देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ व १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ सुरू केले. एखादा विषय घ्यावा, त्याची माहिती मिळवावी, आणि अपरिचित वाचकास ती समजेल अशा गद्यात सांगावी, हा लेखनाचा नवा धडा या नियतकालिकांनी घालून दिला. जांभेकर १८४६ मध्ये निवर्तले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८४८ मध्ये, एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्र यांना वाहिलेली सभा स्थापन झाली आणि तिच्या मराठी शाखेने, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेने, निबंधवाचनाचा प्रघात पाडला. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते. सभेत वाचलेले निबंध १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ या मासिकात छापले जाऊ लागले.

या सभेतील निबंध कसा होता, हे बारकाईने पाहिले पाहिजे. तो लिहिणारा विद्यार्थीच होता. पण त्याला गुण मिळणार नव्हते. ऐकणारे समोर बसलेले असत, त्यांतले काही विरोधी मताचे असत, आणि विषयांचा समाजाच्या चालू व्यवहाराशी निकटचा संबंध असे. याच काळात भाऊ दाजींनी काठेवाड व कच्छ येथील बालहत्येच्या चालीवर लिहिलेल्या इंग्रजी निबंधास पारितोषिक मिळाले व तो १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. पारितोषिक होते, स्पर्धाही होती. तथापि अशा विषयावर दुसऱ्याचा तयार निबंध उतरवून देणे शक्यच नव्हते, कारण तसा निबंध अस्तित्वात नव्हता. स्वतंत्र लेखन हे तेथे नीतीच्या उपदेशातून आले नाही. प्रश्न नवा होता आणि श्रोता खरा होता, म्हणून ते आले.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा झाली. मॅट्रिक या नावाने पुढे नव्वद वर्षे मराठी मध्यमवर्गाच्या आयुष्यावर जिने सत्ता गाजवली तीच ही परीक्षा. सरकारी नोकरीची वाट तिच्यातून जात असल्यामुळे शाळेतील प्रत्येक लेखनप्रकाराचे मूल्य तिच्या मापाने ठरू लागले. निबंध सभेतून उत्तरपत्रिकेत आला. श्रोत्याची जागा परीक्षकाने घेतली, आणि परीक्षक हा असा वाचक होय की ज्याला विषयाविषयी काहीही नवे जाणून घ्यावयाचे नसते. लिहिणाऱ्याला भाषा येते की नाही एवढेच त्याला पाहावयाचे असते. अशा वाचकासाठी लिहिलेला निबंध नमुन्याकडे झुकणे अपरिहार्य होते. तयार निबंधाचा जन्म येथे आहे. आंतरजाल त्यानंतर सव्वाशे वर्षांनी आले.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये निघाली, तेव्हा ती काही अंशी या शाळामास्तरी लेखनाविरुद्धचे बंडच होते. सात वर्षांत निघालेले तिचे ८४ अंक शास्त्रीबोवांनी जवळजवळ एकहाती लिहिले. ते स्वतः सरकारी शाळेत शिक्षक होते, आणि त्यांची बदली झाली होती ती रत्नागिरीस, म्हणजे ज्या जिल्ह्यात त्या वेळी मालवणही मोडत असे त्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी. मराठी गद्याला त्यांनी जी ऐट दिली तिचे ऋण कोणीही नाकारणार नाही. परंतु पुढे झाले ते असे : त्यांची लांब, डौलदार, उपहासाने धार लावलेली वाक्ये हाच ‘चांगल्या’ निबंधाचा कित्ता होऊन बसला. त्यांचे मत न पटलेल्या विद्यार्थ्यांनीही त्यांचे वाक्यवळण गिरवले.

अशीच गोष्ट विसाव्या शतकात पुन्हा घडली, आणि ती सिंधुदुर्गाच्या भूमीवर घडली म्हणून तिचा थोडा विस्ताराने विचार करणे योग्य होईल. वि. स. खांडेकर १९२० मध्ये वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे येथे शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तेथे राहिले. सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकात त्यांनी १९२७ च्या सुमारास लघुनिबंध लिहावयास आरंभ केला. मराठीतील या वाङ्मयप्रकाराच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. एका आडगावच्या शाळेतील शिक्षक, जिल्ह्याबाहेर फारसे न जाणारे एक साप्ताहिक, आणि रोजच्या आयुष्यातील क्षुल्लक वाटणारा एखादा प्रसंग, एवढ्या सामग्रीवर हा लघुनिबंध उभा राहिला. त्याचे मर्मच असे की तो एका विशिष्ट माणसाचा असतो. ‘मी’ काढून घेतला तर त्यात काही उरत नाही. परंतु खांडेकरांच्या लेखनातील कल्पनाविलास, उपमा-दृष्टांतांची पखरण आणि सुभाषितवजा वाक्ये शाळांना इतकी भावली की दोन-तीन दशकांत ती प्रत्येक वर्गातील निबंधाची सार्वजनिक मालमत्ता झाली. सर्वांत वैयक्तिक अशा लेखनप्रकाराचा सर्वांत अवैयक्तिक साचा बनला. माध्यमिक शाळेतील ‘फुलाचे आत्मवृत्त’ आणि ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ हे प्रकार, माझ्या मते, याच प्रवाहातील गाळ होत. खांडेकरांकडे त्याचा दोष जात नाही.

१९४९ पासून मॅट्रिकच्या जागी शालान्त परीक्षा आली, आणि १ जानेवारी १९६६ रोजी महाराष्ट्राचे राज्य परीक्षा मंडळ अस्तित्वात आले. या मधल्या काळात शिक्षणाचा प्रसार फार झपाट्याने झाला. ज्या घरात पूर्वी कोणी शाळेत गेले नव्हते त्या घरातील मुले हायस्कुलात येऊ लागली; त्यांना घरी सांगणारे कोणी नव्हते आणि गावात ग्रंथालय असले तर वृत्तपत्रापुरते. ही उणीव भरून काढण्यास मार्गदर्शक पुस्तकांचा व्यापार पुढे आला. मो. रा. वाळंबे यांच्या ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ यासारखी सांगोपांग पुस्तके एका बाजूस, आणि प्रश्नोत्तरांसह सर्व विषय उलगडून देणारी गाइडे दुसऱ्या बाजूस. १९५९ मध्ये मुंबईत गाला कुटुंबाने स्थापन केलेल्या ‘नवनीत’ प्रकाशनाचे नाव तर गाइड या शब्दाला पर्यायच होऊन बसले. याच नावाचा एक ग्रंथ १८५४ मध्ये परशुराम बल्लाळ गोडबोले यांनी शाळांसाठीच सिद्ध केला होता. तो प्राचीन मराठी कवितांचा वेचा होता. शंभर वर्षांत एकाच शब्दाने कवितेपासून ‘अपेक्षित प्रश्नसंचा’पर्यंत केलेला प्रवास शैक्षणिक इतिहासाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावा.

गाइडाची निंदा करणे सोपे आहे. ज्या गावात मराठीचा शिक्षक वर्षातून सहा महिने नसे, त्या गावच्या मुलीला गाइडाने परीक्षेत उभे केले, हेही तितकेच खरे. कोकण विभाग दशकाहून अधिक काळ दहावीच्या निकालात राज्यात सातत्याने अग्रस्थानी राहिला आहे. या यशामागे शिक्षकांचे व पालकांचे कष्ट आहेत यात शंका नाही. परंतु परीक्षेत काय विचारले जाईल व त्याचे उत्तर कसे दिसावे, याचे काटेकोर ज्ञानही त्यामागे आहे.

आंतरजालावरील संग्रहाने या व्यवस्थेत दोन फरक केले. गाइड विकत घ्यावे लागे. संग्रह फुकट मिळतो. गाइडात विषय मोजके असत. संग्रहात विषयांना अंत नाही. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाल्यावर प्रकल्प व गृहपाठ यांचे प्रमाण वाढले, आणि ते ज्या हेतूने वाढवले त्याच्या नेमक्या विरुद्ध परिणाम होऊन उतरवण्याचे प्रसंगही वाढले. मुलाने गावातील विहिरींची पाहणी करावी म्हणून दिलेला प्रकल्प ‘पाणी : एक संपत्ती’ या दोन पानी मजकुरावर आणि दुकानात मिळणाऱ्या चित्रांच्या तक्त्यावर भागू लागला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. संपर्कजाळे मिळावे म्हणून डोंगरमाथा गाठणाऱ्या मुलांच्या बातम्या त्या वर्षी याच जिल्ह्यातून आल्या. २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. ज्या साधनाविषयी शाळेला तोपर्यंत संशय होता तेच या काळात शाळा होऊन बसले, आणि त्यानंतर ते हातातून काढून घेणे कोणालाही शक्य झाले नाही.

आता एक निबंध घेऊन पाहू. ‘माझा आवडता ऋतू’ हा विषय पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे आणि त्याचे ठरलेले उत्तर पावसाळा हे आहे. तयार निबंधातील पावसाळा असा असतो : उन्हाने भेगाळलेली जमीन, चातकाप्रमाणे वाट पाहणारा शेतकरी, मृद्गंध, नाचणारा मोर, हिरवा शालू नेसलेली सृष्टी, आणि शेवटी कागदाच्या होड्या. हा देशावरचा पावसाळा आहे, तोही शहरातील खिडकीतून पाहिलेला. मालवणच्या दांड्यावर किंवा देवबागेत राहणाऱ्या मुलाचा पावसाळा याहून सर्वस्वी निराळा असतो. मिरगाच्या आधी आगोटीची धांदल चालते. सुकी मासळी भरून ठेवावी लागते. होड्या किनाऱ्यावर वर ओढून झापांनी शाकारल्या जातात. रापणीची जाळी आवरून ठेवली जातात. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीस कायद्याने बंदी असते; घरात पैसा येत नाही. एका बाजूस कर्लीची खाडी व दुसऱ्या बाजूस समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागेत उधाणाच्या रात्री माणसे लाटांचा अंदाज घेत जागी राहतात. नारळी पौर्णिमेस मालवणच्या बंदरावर सागराला श्रीफळ अर्पण होते, तेव्हा कोठे हा ऋतू उलटल्याचे समाधान मिळते. अशा मुलाला पावसाळा आवडतोच असे नाही. पण ‘मला पावसाळा आवडत नाही’ असे लिहून गुण मिळतील, अशी खात्री त्याला कोणी दिलेली नाही. तो मोर उतरवतो. खरी होडी दारात शाकारलेली असताना तो कागदाची होडी लिहितो.

येथे आळसाचा आरोप टिकत नाही. या मुलापाशी सांगण्यासारखे भरपूर आहे. ते निबंधात बसते असे त्याला वाटत नाही, एवढेच. यात भाषेचाही भाग आहे. त्याची घरची बोली मालवणी. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० पासून मच्छिंद्र कांबळी यांच्या रूपाने या बोलीला रंगभूमीवर मानाचे स्थान मिळवून दिले, उत्तरपत्रिकेत मात्र ती चूकच राहिली. प्रमाण मराठीत शुद्ध वाक्य लिहिणे हे या मुलास परभाषेत लिहिण्याइतके नसले तरी बरेच अवघड असते, आणि तयार निबंध त्याला तेथे शुद्ध वाक्यांचा आधार देतो. या दृष्टीने पाहता त्याचे उतरवणे पंतोजींच्या मायन्यांपासून फार दूर नाही. एक मोठा फरक असा की मायना हा मायना म्हणूनच शिकवला जाई. आज मायना शिकवला जातो आणि तो स्वतःचे विचार म्हणून मागितला जातो.

या संग्रहांतील मजकुराचे मूळ शोधावयाचे झाल्यास आपल्याच विद्याक्षेत्रातील एक जुनी पद्धती उपयोगी पडेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना वि. स. सुकथनकर प्रभृतींनी पोथ्यांची कुळे लावली, त्यात समान चुकांचे साक्ष्य महत्त्वाचे होते : दोन पोथ्यांत एकच अपपाठ आढळला तर त्यांचा मूळ आदर्श एक असण्याचा संभव बळावतो. ‘मी पाहिलेला किल्ला’ या विषयावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे जे तयार निबंध वाचावयास मिळतात त्यांना ही कसोटी लावून पाहावी. १६६४ मध्ये बांधकामास आरंभ, कुरटे बेट, हिरोजी इंदुलकर, दूधबाव-दहीबाव-साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, शिवराजेश्वराचे मंदिर, हा क्रम बहुधा ठरलेला. परंतु किल्ल्यात आजही वस्ती आहे, तेथील मुले होडीने ये-जा करतात, आणि पावसाळ्यात ही ये-जा जवळजवळ थांबते, हे त्या निबंधांतून क्वचितच कळते. किल्ला ‘पाहिलेला’ आहे असे निबंध म्हणतो. पाहणाऱ्याच्या नजरेस पडावी अशी एकही गोष्ट त्यात नसते. मालवणच्या जेटीवरून किल्ला समोर दिसत असताना हा मजकूर उतरवला जातो, तेव्हा वाईट वाटावे ते मुलाच्या प्रामाणिकपणाविषयी नव्हे. डोळ्यांपेक्षा मजकुरावर विश्वास ठेवावा, हे तो शिकतो आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा घातक शिक्षण नाही.

या विषयाचा आपल्या विभागाशी संबंध येतो तो येथे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयीचे विनियम केले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे चाळीस, साठ व साठांहून अधिक अशा पायऱ्यांनी शिक्षा. शालेय निबंधाला असा कोणताही नियम नाही. म्हणजे वयाच्या दहाव्या वर्षापासून पंधरा वर्षे ज्या सवयीबद्दल गुण दिले, त्याच सवयीबद्दल पंचविसाव्या वर्षी प्रबंध नाकारावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. साम्य मोजणारे यंत्रही संगणकावर असलेल्या मजकुराशीच तुलना करू शकते. जुन्या मराठी मासिकातून उतरवलेले पान त्याला स्वतंत्रच दिसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाल्यापासून तर साम्याची कसोटीच डळमळू लागली आहे, कारण यंत्राने रचलेला निबंध कोठूनही शब्दशः उतरवलेला नसतो. तो पूर्वीच्या सर्व तयार निबंधांचे सरासरी रूप असतो. धर्मशास्त्रकारांच्या निबंधाशी त्याची तुलना करण्याचा मोह होतो. पण निबंधकार मनूचे वचन मनूच्या नावावर घालीत असे, आणि या यंत्राचे वाक्य कोणाच्याच नावावर घालता येत नाही.

शालेय निबंधाच्या इतिहासाची साधने दुर्मीळ आहेत. परीक्षांच्या उत्तरपत्रिका ठराविक मुदतीनंतर नष्ट केल्या जातात; निबंधाच्या वह्या वर्षअखेर रद्दीत जातात. शिल्लक राहते ते शाळांचे ‘हस्तलिखित’. मुलांनी स्वतः लिहून, चित्रे काढून, पुठ्ठ्यात बांधून वर्षातून एकदा तयार करावयाच्या या अंकाची प्रथा महाराष्ट्रातील अनेक शाळांत दीर्घकाळ चालत आली, आणि मालवण किनाऱ्यावरील जुन्या हायस्कुलांच्या कपाटांत असे अंक शोधणे हे एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधिकेस पुरेल असे काम आहे. या अंकांतील मजकूर गुणांसाठी लिहिलेला नसे. वाचणारे वर्गमित्रच असत. त्यांत मोर किती वेळा येतो आणि रापण किती वेळा येते, मालवणी शब्द अवतरणचिन्हांत घातला आहे की सरळ लिहिला आहे, लिहिणाऱ्याने स्वतःच्या वाडीचे नाव घेतले आहे की ‘आमचे गाव’ एवढ्यावरच भागवले आहे, आणि हे प्रमाण कोणत्या दशकात बदलते, याची मोजणी प्रथम करावी. किनाऱ्यावरील दमट हवेत कागद फार काळ टिकत नाही. शाईचे अक्षर तर त्याहूनही लवकर फिकट होते.